चित्रावरचा तळहात

बदनापूर

प्रिय भुजंगदादा,

पाकिटावरचं तुझं नाव बघून हे कुणाचं वेडंवाकडं अक्षर म्हणून चक्रावला असशील. पत्र माझंच आहे. अक्षराचं मागून सांगते.

आप्पांना झटका येऊन पाच महिने झाले. तेव्हा तू फोनवर ‘बघतो’ म्हणालास, अजून बघतोच आहेस. आता काठी टेकत चालतात, पण उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. एकतीस वर्षं ज्यांनी पहिलीचा वर्ग सोडला नाही, त्यांना पेपरातली अक्षरं ओळखू येईनात. डॉक्टर म्हणाले, पहिलीपासून वाचायला लावा, वाचा आली तर त्याच वाटेने येईल. घरात माणसं दोन आणि बोलणारी मी एकटी. संध्याकाळी जालन्याहून गाडीने परत येते, आणि भाजी काय करू हेसुद्धा माझं मलाच विचारते. फार एकटं वाटतं रे.

म्हणून पुस्तकं आणायला गेले. दुकानातल्या राधेश्यामने विचारलं, “लेकरू कितवीत हाय ताई?” मी म्हटलं, पहिलीत. त्याने जाड पुठ्ठ्याची, पानाला एक फळ आणि एक शब्द अशी पुस्तकं काढली. मीही शहाणी, ती घेऊन आले. आप्पांनी दोन पानं उलटली आणि डाव्या हाताने पुस्तक भिरकावलं. दिवसा त्यांच्याजवळ असतात त्या नंदाबाई म्हणाल्या, “सरांला बाळ समजून राह्यल्या का ताई?” मला लाज वाटली. ते शाळेसाठी पुस्तकं निवडायचे तेव्हा आपण दोघं पसाऱ्यात लोळत असायचो, आणि मी हे विसरले! पानावर एकच ओळ, टपोरं अक्षर, जोडाक्षरं कमी, हे तर झालंच. पण गोष्टीत काहीतरी घडायलाच हवं. ‘पुढं काय झालं असं वाटलं न्हाई, तर पोरगं पान कशाला उलटंल?’ म्हणायचे. आणि मुलाला वाचायला दिलं की चित्रावर तळहात ठेवायचे. चित्र बघून मुलं ठोकून देतात ना.

तो तळहात तुला आठवत असणारच. तू अख्खा धडा चित्रं बघून घडाघडा म्हटलास, आप्पांनी चित्र झाकलं आणि तू गप्प झालास. मास्तरांचाच पोरगा, सगळा वर्ग हसला. सहा वर्षांपूर्वी भांडून घर सोडतानाही तू तेच काढलंस. इतकी जुनी गोष्ट काय धरून बसलास म्हणून मी तुला हसले. चुकलं माझं.

दुसऱ्या खेपेला दुकानात फरशीवर बसून मी स्वतः निवड केली. त्यातल्या एका पुस्तकात म्हैस डबक्यातून निघतच नाही. मालक ओढतो, मालकीण ओढते, गाव ओढतं. आम्ही रोज एकच पान घ्यायचो. मंगळवारी नंदाबाईंचा ऑफिसात फोन आला, “ताई जल्दी या, सर हसून राह्यले!” आप्पांनी चोरून शेवटचं पान उघडलं होतं, त्यात अख्खं गावच डबक्यात पडतं. मी पोचले तेव्हा हसू ओसरलं होतं, पण ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, “म्हैस.” जोडाक्षरासकट! मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

मग मी घरीच एक पुस्तक शिवलं. पानाला घरातल्या एकाचा फोटो, खाली नाव. माझ्या फोटोला लगेच ‘उमा’ म्हणाले. पुढच्या पानावर तू होतास, शाळेच्या गणवेशातला. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मी नाव सांगणार तेवढ्यात त्यांनी डावा तळहात उचलून तुझ्या फोटोवर ठेवला आणि नुसत्या अक्षरांकडे बघत वाचलं. भु. जं. ग. मग दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

काल मी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. पत्ता माझ्या हातचा आहे, पण नाव आप्पांनी डाव्या हाताने लिहिलंय, अर्धा तास लागला. लिहून झाल्यावर पाकीट माझ्याकडे सरकवून त्यांनी विचारलं, “बराबर?” आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या तपासलेला माणूस, दादा. मी म्हटलं, ज्याचं नाव आहे तोच सांगेल. तेव्हापासून ते दाराजवळच्या खुर्चीत बसून आहेत. येऊन सांग.

वाट बघणारी,
तुझीच उमा