तीन शेळ्या, एकच तारीख

४ एप्रिल २००६, कळमनुरी

सकाळपासून पडद्यावर तीच लाल ओळ. चूक अशी, की नॉन-स्टॅटिक मेथड, म्हणजे प्रोग्रॅममधली एक कृती, अशी थेट बोलावता येत नाही म्हणे. दहा तारखेला निलमची नांदेडला तोंडी परीक्षा — मोबाईलवर शेळ्यांच्या लसीच्या तारखा दाखवायचा प्रोग्रॅम. नापास झाली तर वर्ष गेले. माझी जुनी विद्यार्थिनी, कॉम्प्युटर माझा, म्हणून इथेच बसते. मी बी.एस्सी. सहासष्टची. पुस्तक आणून मीही शिकते आहे.

शेवटी मीच म्हटले, मेथडपुढे स्टॅटिक लिही. मग तारखेपुढेही लिहावे लागले. लाल ओळ गेली. निलम काही बोलणार होती. "पुढे चल," म्हटले.

५ एप्रिल

दिवसभर वीज नाही.

६ एप्रिल

निलमची आई चंदाबाई तांड्यावरून बाजाराला आली. तिने शेळ्या नावानिशी सांगितल्या — कबरी, बांडी, लांबकानी. निलमने एकेकीची तारीख घातली. पाहतो तर तिघींना तारीख एकच, शेवटी घातलेली.

"साऱ्याईला एकाच दिशी सुई देल्ली व्हय, बाई? डागदर तर एकीला धरूस्तोर घामाघूम होते."

ती हसत राहिली. मी नाही.

ती गेल्यावर पुस्तक पुन्हा वाचले. स्टॅटिक केले की ती गोष्ट साऱ्या कळपात मिळून एकच. आधी 'न्यू' लिहून एकेक शेळी तयार करायची, मग त्या शेळीवर मेथड बोलवायची. कबरीला विचारले की कबरीचीच तारीख. चूक माझी. निलमला तसे सांगितले.

"माहीत होतं, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी म्हनल्या, पुढे चल."

एकतीस वर्षे शिकवले. किती लेकरांनी असे गिळले असेल?

८ एप्रिल

स्टॅटिक सगळे काढले — तिनेच. मी चहा केला. तिन्ही तारखा बरोबर आल्या. प्रोग्रॅमची काळजी मिटली. परीक्षकांसमोर हिच्या तोंडून शब्द फुटेल का, ही उरली.

१० एप्रिल

पाच वाजून गेले. फोन नाही.

११ एप्रिल

निलम पास. परीक्षक अर्धा तास विचारत राहिले, सगळे सांगितले म्हणाली. तिने पेढे ठेवले आणि मी काल एकटीने लिहिलेला कोंबड्यांचा प्रोग्रॅम वाचू लागली.

"बाई, हे चुकलं तुमचं."

मी खुर्ची सोडली. तिला म्हटले, बस.