इराचं टेंपरेचर

मंगळवार, २३ सप्टेंबर
शाळेतून पुन्हा फोन. फायर ड्रिलची घंटा झाली आणि इरा बाकाखाली शिरली. बाईंनी ओढलं तर डबा फेकून मारला. संध्याकाळी मी आणि नयना काउन्सेलर मेहविश मॅडमकडे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं. इराला जिने जन्म दिला ती बाई पोटात मूल असताना दारू प्यायची. त्याचा मेंदूवर परिणाम. राग, भीती, रडू सगळं एकदम येतं, ब्रेक उशिरा लागतो. हा हट्ट नाही, शिक्षेचा उपयोग नाही. आधी आजूबाजूच्या मोठ्यांनी शांत राहायचं.

नयनाने सगळं लिहून घेतलं. मला गरज नव्हती. सोहारच्या स्मेल्टरमध्ये वितळलेल्या अॅल्युमिनियमचे नऊशे साठ डिग्रीचे पॉट माझ्या हाताखाली असतात. नऊ वर्षांची मुलगी म्हणजे काय!

संकल्प: कोजागिरीपर्यंत इरा कूल.

गुरुवार, २५ सप्टेंबर
कोजागिरी यंदा सोमवारी आहे, पण ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून आपले सण गुरुवारीच येतात. म्हणजे ९ ऑक्टोबर. आमच्याकडे. गच्चीवर आटीव दूध आणि ज्येष्ठ अपत्य म्हणून इराचं औक्षण. सगळा ग्रुप बघणार. दत्तक घेतलं तेव्हा ज्यांनी ‘विचार केलाय ना नीट?’ असं विचारलं होतं, तेही बघणार.

दुसरा संकल्प: इराला कारण कळता कामा नये. मोठी झाल्यावर बघू. हे गुपित माझं आणि नयनाचं. (प्रशांतला सांगितलंय, पण तो माझा ज्युनियर, घरचाच. आणि कारपूलमधल्या दोघांना, कारण विषय निघाला. दोष आपल्या बाजूचा नाही हे क्लिअर केलेलं बरं.)

शनिवार, २७ सप्टेंबर
मस्कतला, मत्रहच्या बाजारात गेलो. फ्रिजसाठी होडीचा मॅग्नेट घेतला. तक्ता मी स्वतः बनवला: हिरवा, पिवळा, लाल. मूड असेल त्या रंगावर होडी. इराने विचारलं, होडी कोणाची. मी म्हणालो, सगळ्या घराची, आपण टीम आहोत. अर्थात वापरायची इरासाठीच.

सूकमध्ये, म्हणजे त्या जुन्या बाजारात, गर्दी, ऊद, दुकानदारांच्या हाका. इरा कान दाबून खाली बसली. मी तिला शांतपणे समजावलं. दुकानदाराने माझ्यासाठी स्टूल आणलं आणि पाणी दिलं. फार अगत्यशील लोक.

मंगळवार, ३० सप्टेंबर
गणिताचा गृहपाठ. होडी पिवळ्यावर, मग लालवर. मी ओरडलो नाही. मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून आवाज थोडा वर नेला. खालच्या मजल्यावरच्या इक्बालभाईंनी बेल वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं.

नयनाने मेहविश मॅडमना फोन केला. त्यांचा निरोप, की मी पाच लांब श्वास घ्यावेत. मी! पेशंट कोण आहे याची नोंद त्यांच्याकडे नीट नसावी.

रविवार, ५ ऑक्टोबर
प्रोजेक्ट यशस्वी. बुधवारपासून होडी हिरव्यावर. डबा परत येतो, गृहपाठ होतो, परवा तर इरा गुणगुणत होती. तक्त्याची कमाल.

नयनाचं म्हणणं, बुधवारपासून माझी नाइट शिफ्ट आहे आणि दिवसा मी झोपलेला असतो. योगायोग.

बुधवार, ८ ऑक्टोबर
नयना म्हणते, माणसं कमी करू. इरानेच सांगितलंय, की औक्षण आपण तिघांतच करावं, गर्दीचा आवाज तिला सहन होत नाही. मी नाही म्हणालो. आमंत्रणं गेली, खलास.

संध्याकाळी परमिटच्या दुकानातून वाइन आणली. कोजागिरी दुधाचीच, ती गच्चीवर. बाकीचं खाली हॉलमध्ये. सलीलच्या घरून कोणी कोरडा जात नाही असा आपला लौकिक आहे. आग्रह करावा तर मीच.

शुक्रवार, १० ऑक्टोबर, सकाळ
जे झालं ते लिहितो.

औक्षण छान झालं. इरा कानांवर हेडफोन लावून उभी राहिली. मी उतरवायला जात होतो, नयनाने माझा हात धरला. कोणी हसलं नाही.

मग हॉल. प्रशांतची बायको यशश्री दुधाचा पेला घेऊन कोपऱ्यात बसली होती. पाचवा महिना. बिचारी अवघडल्यासारखी वाटली, म्हणून मी रेड वाइन ओतून दिली. ती नको म्हणाली. मी म्हणालो, घोटभर घे, रक्त वाढतं, काही होत नाही. ती पुन्हा नको म्हणाली. आता आपल्यात दोनदा नको म्हणजे नको नसतंच. ग्लास हातात दिला. प्रशांत हसला. साहेबांसमोर हसणारच. तिने ग्लास धरला.

इरा आली. हेडफोन काढले. मी लालच्या तयारीत. तिने तिथेच उभं राहून लांब श्वास घेतले, मग ग्लासवर तळहात ठेवला. म्हणाली, काकू, डोन्ट. बेबीला पण जातं ते. मला गेलं होतं, म्हणून माझा ब्रेक लेट लागतो.

आवाज अगदी साधा. पाणी मागावं तसा.

ओरडलो मी. काय ओरडलो ते इथे लिहायची गरज नाही. ग्लास फुटला तोही माझ्याच हातून, फरशी गुळगुळीत आहे. माणसं लवकर गेली. दूध पातेलंभर उरलं.

आवरताना नयनाने सांगितलं, की इराला सगळं उन्हाळ्यातच सांगितलंय. इरानेच विचारलं होतं, मी अशी का म्हणून. मॅडम, नयना आणि ती, तिघी बसून बोलल्या. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली, मी शांत असण्याची वाट बघत होते.

म्हणजे गुपित एकटा मीच पाळत होतो.

शनिवार, ११ ऑक्टोबर
होडी लालवर. खाली इराच्या अक्षरात ‘बाबा’.

तिने पाण्याचा ग्लास आणून दिला. लालमध्ये बोलायचं नसतं, आधी प्यायचं, म्हणाली. प्यालो.

मग मी तिला समजावलं. आग्रह ही आपली पद्धत आहे, माणूस प्रेमाने करतो, यशश्रीकाकूलाही मी प्रेमानेच देत होतो. यावेळी आवाज खरंच खाली होता.

तिने ऐकून घेतलं. बराच वेळ होडीशी चाळा केला, पण ती लालवरून हलवली नाही. मग विचारलं, की तिची ती आईपण दोनदा नको म्हणाली असेल का, आणि तिलाही कोणी असाच प्रेमाने ग्लास भरून दिला असेल का.

कारपूलमध्ये त्या बाईबद्दल मी काय काय बोललो होतो ते सगळं आठवलं. लाज वाटली.

इरा उत्तराची वाट बघत अजून स्वयंपाकघरात बसली आहे.