आईची मूठ

प्रिय धाकट्या,

आज आईला पार्लरला नेलं होतं. हसशील वाचून. अर्धांगवायू झालेल्या बाईला कसली आलीय मॅनिक्युअरची हौस! पण तुला आठवत असेल, जन्मभर शिलाई मशीनवर वाकलेल्या आईने स्वतःचा एवढा एकच लाड केला. महिन्यातून एकदा हात पार्लरवालीच्या स्वाधीन करायचे आणि डोळे मिटून बसायचं. "दहा कामगार आहेत माझे, त्यांना नको का सुट्टी?" म्हणायची.

आता उजव्या हाताची मूठ वळलीय, ती उघडतच नाही. नखं वाढली की तळव्यात रुततात. मी कापायला गेले की ती कळवळते, मला रडू फुटतं आणि बाबा बाल्कनीत जाऊन उभे राहतात. शेवटी तेच म्हणाले, "चल, तिच्या पार्लरलाच नेऊ." जिना उतरवताना आम्हा दोघांची दमछाक झाली. तिला पाहून पार्लरवाली क्षणभर थबकली, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. नेहमीसारखाच तिचा हात कोमट पाण्यात ठेवला, मनगट हलकेच वाकवलं आणि एकेक बोट सोडवत गेली. तळवा पार सोलवटला होता रे. तिने जपून नखं कापली, घासली, क्रीम चोळलं. आई डोळे मिटून बसली होती, अगदी पूर्वीसारखी. मला वाटलं, चला, आज तरी जिंकलो.

मग पार्लरवालीने विचारलं, "काकू, रंग कुठला लावू?" हल्ली आईचं बोलणं निम्मं कळत नाही. हे मात्र स्वच्छ म्हणाली, "लाल. मुलगा येतोय माझा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रंगाच्या बाटल्यांकडे.

यंदाही जमत नाही, असं तू फोनवर म्हणालास. तिथलं काम, न मिळणारी सुट्टी, तान्हं बाळ, सगळं पटतं मला. रागावून लिहीत नाहीये. पण तिला सांगणं काही झालं नाही. बाबा म्हणतात "तू सांग", मी म्हणते "तुम्ही सांगा", आणि त्यावरच आमचे दिवस ढकलले जातायत. आत्ता ती दाराकडे तोंड करून बसलीय. घास पुढे केला की मान फिरवते, "तो आल्यावर" म्हणते.

ये असं म्हणत नाही. फक्त तिला फोन कर आणि येत नाहीस हे तुझ्या तोंडाने सांग. माझ्याच्याने होत नाही रे.

तुझीच,
ताई