चोच नसलेला पोपट

३ जानेवारी १९८१
नत्थूची डावी चप्पल कापली. जुनी होती! तो म्हणते नवी होती. तीन वर्षांची चप्पल नवी कशी राहीन? पोरगा माझा, चप्पल त्याची, पण रबर फस्टक्लास निघालं.

कौशल्या — नत्थूची पोरगी, कॉलेजात जाते — म्हणे, "आजी, संक्रांतीची कार्डं यंदा घरीच करू. रबराचे ठसे मारू." तिनं पोपट काढून दिला, मी नत्थूच्या दाढीच्या पत्तीनं कोरला. शाई लावून दाबला तर कोंबडी उठली!

"आजी, याची मान कुठं आहे?"

"थंडी पडली ना. आत ओढली त्यानं."

चोच मात्र झकास आली. तशी चोच आमच्या साऱ्या नंदनवन मोहल्ल्यात कोणाच्या पोपटाले नसन.

५ जानेवारी
पुठ्ठ्यासाठी जुन्या लग्नपत्रिका काढल्या. त्यातलं एक लग्न मोडलं, पण पुठ्ठा मजबूत! गल्लीतल्या फाटक्या पतंगांचा लाल-हिरवा कागद वर चिकटवला, काठाले मार्बल पेपर. मैद्याची खळ माझी. कौशल्याची खळ पातळ, तिच्या स्वयंपाकासारखी. कोपऱ्यात पोपट. पोपटाच्या चोचीजवळ पुडीत तिळगूळ.

नत्थू एका चप्पलेवर घरभर फिरून राहिला. मुद्दाम.

७ जानेवारी
उंदरानं दोन कार्डं खाल्ली! तिळगूळ खाल्ला, कागद खाल्ला, पोपट सोडले. त्यालेही कोंबडीच वाटली असन.

८ जानेवारी
सगळ्यांची कार्डं झाली. एक उरलं. फेकाचं तर नाही. वच्छलाले पाठवून दिलं, काटोलले. उरलं म्हणून!

वच्छला माझी धाकटी बहीण. चार वर्षं झाली, बोलत नाही. माय गेल्यावर तिच्या पाटा-वरवंट्यावरून वाजलं. मी मोठी, पाटा मी धरून बसली. ती वरवंटा काखेत मारून निघाली अन् दारातून ओरडली — "आता तू मेली तरच या घरात पाय ठेवीन!" जिद्दीची आहे. बोलली म्हणजे बोलली.

तेव्हापासून मी पाट्यावर नदीचा गोटा फिरवते. ती तिकडं वरवंट्यानं कशावर वाटते देवाले माहीत. नवऱ्याच्या डोक्यावर?

कौशल्या म्हणे, "तिळगूळ घ्या, गोड बोला लिहू का?" मी म्हटलं, आण इकडं पेन. दुसरीपर्यंत शिकली मी, तेवढं पुरते. लिहिलं — "तिळगूळ घे. गोड नको बोलू, पण बोल."

लिफाफा नाही घातला. पोपट झाकला असता.

९ जानेवारी
कौशल्यानं कार्डं पोस्टाच्या डब्यात टाकली. काटोलवालं वरच ठेव म्हटलं. उगाच म्हटलं.

१४ जानेवारी, संक्रांत
काय दिवस गेला!

सकाळी ओट्यावर तीळ निवडून राहिली होती. फाटकाकडून रडणं आलं. म्हटलं शेजारी कोणी गेलं. पाहते तर वच्छला! मागं तिचा नवरा मनोहरराव, डोक्याले टॉवेल गुंडाळलेला. अन् ती धावत येऊन माझ्याच गळ्यात पडली — "बाई वं! मले न भेटता गेली वं!"

"कोण गेलं?"

"तू!"

अन् पुन्हा सुरू. मी जिवंत दिसून राहिली तरी थांबे ना. मनोहरराव माझ्याकडं पाहत उभे. म्हणे, "तुळसाबाई, तुम्ही आहात? बरं झालं. मग आज पोळ्या असतीलच."

वच्छलानं कार्ड काढलं. कोपरा गायब! पोपटाची चोच गेली, पुडी गेली. मयतीच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवतात, हे शेंबड्या पोट्ट्यालेही समजते. मी कौशल्याकडं पाहिलं.

"देवाशप्पथ आजी, मी साबूत टाकलं!"

म्हणजे उंदीर! वाटेत कुठं लागला मेला, आमच्या उंदराचाच सोयरा असन.

मनोहरराव म्हणे, "मी तेच म्हटलं. अक्षर तुळसाबाईचं आहे, मेलेली बाई पत्र कशी लिहीन? पण ही ऐकते कुठं! मले ओढत बसमध्ये घातलं."

वच्छला आणखी मोठ्यानं रडली. हातात गाठोडं. सोडलं तर वरवंटा!

"मयतीले वरवंटा काहून आणला वं?"

"रडता रडता हातात आला."

एवढा धोंडा रडता रडता हातात येते काय!

दुपारी तिनं पाट्यावर मिरच्या वाटल्या. मी म्हटलं, जाड राहिली. ती म्हणे, "गोट्यानं वाटत होती तेव्हा काय लोणी निघत होतं?" झालं, दिवे लागेपर्यंत तोंड बंद नाही दोघींचं. चटणी झणझणीत. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी. मिरचीचं.

१५ जानेवारी
उंदरासाठी पिंजऱ्यात भजं लावलं. मनोहररावांनी खाल्लं.

१६ जानेवारी
गेले. वच्छला वरवंटा इसरली म्हणे. फाटकातून ओरडली, "राहू दे, पुढच्या वेळी नेईन!" चार वर्षं जिनं उरावर घेऊन ठेवला, ती इसरते!

उंदीर अजून मोकळा. त्याच्या सात पिढ्या काढल्या आज.

१७ जानेवारी
वरवंट्याचं फडकं धुवायले घेतलं. एका टोकाले गाठ, बारीक, घट्ट. सोडली. आत लाल पतंगाच्या कागदाचा तुकडा. पोपटाची चोच. काठ हातानं फाडलेला, दाताचं नाव नाही.

पिंजरा माळ्यावर टाकला. उंदराच्या बिळापाशी तिळाचा एक लाडू ठेवला.