हिरव्या खोलीचं दार

१२ मे
पोचले बाप्पा! सिंदी मेघेहून जामला यायला तासच लागला. खोली झकास, कूलरही मोठा. योगेंद्रभाऊंना त्यांच्या मंगल कार्यालयाच्या लॉनभोवती फ्रान्सातल्यासारखी बाग हवी आहे. बॉक्सवूडची झुडपं लावून झाली, नक्ष्यांचं जुनं फ्रेंच पुस्तकही त्यांनी आणलं. मी एकेका नक्षीचं मराठी करून कवडूजी माळ्यांना कागद द्यायचा, ते त्याबरहुकूम कात्री चालवणार. तीस वर्षं फ्रेंच शिकवून घसा झिजवला, आता निवांत बसून काम. मजा येईल.

१५ मे
‘पार्तेर द ब्रोद्री’ला ‘कशिद्याचा वाफा’ लिहिलं. कवडूजी हसले, म्हणाले, मोहिनीबाई, हे तं आमच्या बुढीच्या उशीवरचं काम हाय. सहा तास लिहून मनगट भरून आलं. सेहेचाळीस डिग्रीत झुडपं हिरवीगार, मीच तेवढी सुकून चालले. जीव उबगला.

१८ मे
आज गोगलगाईच्या वळणाचा कागद द्यायला गेले, तर वळण आधीच कापलेलं! कवडूजी म्हणाले, मी तं लेकीकडे रोहण्याले गेलतो, आत्ताच येऊन राह्यलो. कागद तर अजून माझ्याच हातात. म्हणजे मी लिहिते तसं झाड आपोआप होतंय. योगेंद्रभाऊ फोनवर खो खो हसले. ऊन लागलं म्हणे मला, काम चालू ठेवा. भीती वाटते.

२० मे, दुपारी बारा
‘काबिने द व्हेर्द्युर’, हिरवी खोली. डोळे मिटत होते. भराभर लिहिलं, चारही बाजूंनी दोन पुरुष उंच भिंत. पुस्तकात दारही होतं, ते लिहायचं राहिलं. मेलं माझं लक्ष! कवडूजी नेमके मधोमध पाला वेचत होते. भिंती झरझर वर आल्या, आता आतून हाका मारताहेत.

एक वाजता
कुऱ्हाड चालवली. घाव लगेच भरतो. भिंती आत सरकताहेत— कवडूजी म्हणतात, बाई, छाती दबून राह्यली. योगेंद्रभाऊ फोन उचलत नाहीत.

वही घेऊन भिंतीशीच बसले. ‘दार’ लिहिलं, फट पडली! पण हात थांबला की मिटते. लिहीत राहायचं. दार. दार. दार. डोकं बाहेर आलं— दार. खांदे आले. दार. दार. हात बधिर— कवडूजी, जोर लावा नं— दार. कंबर अडकली. दार. दार. बोटं वळेनात, देवा— दार. दा