सुरतेचा समुद्र घरी नव्हता

रावेर, फेब्रुवारी १९८७

रा. रा. निंबाभाऊ यांस,

रावेरहून जीवरामचा नमस्कार. (वाकून घालायचा होता, पण कंबर धरली आहे, का धरली ते पुढे येईल.) तुमचा खोकला, वहिनींचे गुडघे आणि धुळ्याच्या नळाचं पाणी, तिन्ही ठीक असतील असं समजतो. इकडे तुमची बहीण पुष्पा आणि आमची कुंदा खुशाल आहेत. माझी खुशाली हे पत्र वाचून तुम्हीच ठरवा.

कुंदासाठी सुरतेचं स्थळ तुम्ही सुचवलंत आणि वर सल्ला दिलात, की मुलगा बघायला आलो असं दाखवू नका, शहर बघायला आलो म्हणा, म्हणजे माणसं आहेत तशी दिसतात. तसं म्हटलं. निंबाभाऊ, त्यांनी शहर दाखवलं.

मुलाचे वडील लीलाधर स्टेशनवरच म्हणाले, "पाव्हनं, फिकीर करू नका, तुमले बठ्ठं सुरत दखाडसू." माणूस धुळ्याकडचा, कापडाच्या कारखान्यात मुकादम, मनाने मोकळा. पण तुम्ही लिहिलं होतं 'घर समुद्राच्या बाजूला'. बाजू बरोबर आहे, अंतर लिहायचं राहिलं. घर उधन्याला, दीड खोलीचं. खिडकी उघडली की समोर रंगाच्या कारखान्याची चिमणी, आणि वारा आला की खारा नव्हे, हिरवा येतो. मुलगा छगन साड्यांच्या दुकानात हिशेब लिहितो. दिसायला बरा, पण बोलणं म्हणजे पदरचे पैसे खर्च करायचे असल्यासारखं. मी म्हटलं, उद्या सकाळी चहावर विषय काढू. तर सकाळी चहाच्या आधी रिक्षा दारात.

पहिला किल्ला. तापीच्या काठावर आहे. लीलाधर छाती फुगवून म्हणाले, ही आमची तापी. (आमची! आपल्या म्हशी धुऊन झाल्यावर उरलेली आपण खाली पाठवतो ती.) किल्ल्यात शिरलो तर आत सगळ्या कचेऱ्या. तोफ कुठे आहे विचारलं, तर एका कारकुनाने मान वर न करता अर्ज आणलाय का विचारलं. किल्ला बघायला आलो म्हटल्यावर तो इतका घाबरला की त्याने मोठ्या साहेबांकडे बोट दाखवलं, आणि मोठे साहेब जेवायला गेले होते. लीलाधर कित्येक वर्षं सुरतेत राहतात, पण किल्ल्यात त्यांचंही पाऊल पहिल्यांदाच पडत होतं, हे मला तिथल्या जिन्यावर कळलं. ते जिथे जिथे हात दाखवत होते तिथे तिथे भिंत निघत होती.

बाहेर आल्यावर मी हळूच विषय काढला, "मग लीलाधरभाऊ, छगनचं पुढे काय?"

"पुढे?" ते म्हणाले. "पुढे डच साहेबनी कबर शे!"

कबर म्हणजे काय सांगू! घुमट, खांब, वर गच्ची. तुमच्या बहिणीने देऊळ समजून चपला काढल्या, पाच प्रदक्षिणा घातल्या आणि उंबऱ्याला कुंकू लावलं. पहारेकरी धावत आला, "बहनजी, ये व्यापारी साहब है, गुजर गये." तर ही म्हणते, "गेले तर गेले, आता घातल्यात ना, पोचतील कुठंतरी." मी म्हणालो, मेलेल्याला गच्चीचा बंगला आणि जिवंत माणसाला दीड खोली, वा रे सुरत. लीलाधर तोंड फिरवून रिक्षा शोधायला गेले. मला आधी बरं वाटलं, मग वाटलं नाही.

दुपारी समुद्राला गेलो, डुमसला. (शहर समुद्रकाठचं, पण समुद्राला जायला एक बस आणि एक जन्म लागतो.) उतरलो तर समोर काळी वाळू, तिच्यापुढे काळा चिखल, आणि त्याच्याही पुढे काहीच नाही. समुद्र नव्हता! ओहोटी लागली होती म्हणे. लीलाधर कपाळावर हात धरून लांब बघत राहिले. "आठेच तं राहस!" म्हणाले, म्हणजे इथेच तर असतो. भजीवाला म्हणाला, संध्याकाळी येईल, बसा. समुद्र घरी नाही म्हणून ओसरीवर वाट बघायची, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला चढला राग. एवढा खर्च करून आलो, तर निदान पाण्याला बोट लावून जाऊ म्हणून धोतर खोचून मी तडक निघालो, आणि थोड्याच अंतरावर गुडघ्यापर्यंत गाळात गेलो. एक पाय काढावा तर दुसरा मांडीपर्यंत. काठावरून सगळे ओरडतात, येत कोणी नाही.

आला तो छगन. नवी पँट घालून पोटावर आडवा झाला, माझ्या काखेत हात घातले आणि म्हणाला, "नाना, हलू नका. हललं की जास्त रुततं." जरा ओढलं, जरा थांबला, आणि थांबल्यावर विचारतो, "कुंदाला शहरात करमेल का?"

भाऊ, दिवसभर लग्नाचा 'ल' नाही, आणि बाप मांडीपर्यंत चिखलात असताना हा प्रश्न! (शिवाय कुंदाचं नाव याला कोणी सांगितलं?) मी म्हटलं, आधी वर काढ, मग बघू. त्याने काढलं. माझ्या अंगावरचा गाळ त्याने स्वतःच्या रुमालाने पुसला, पुन्हा काही विचारलं नाही.

तर माझं स्पष्ट मत असं, की हे स्थळ आपल्याला नको. ज्या गावचा समुद्र जाग्यावर राहत नाही, त्या गावात मुलगी देणं नाही. पाचोऱ्याकडे कोरड्या जमिनीवरचा एखादा मुलगा बघा.

आपला,
जीवराम

ता. क. : तरी छगनची चौकशी चालू ठेवा. मी सांगितलं म्हणू नका. दुसरीकडे त्याचं जमत असेल तर मला आधी कळवा. कारण काही नाही, सहज.

दुसरा ता. क. : भाऊ, मी पुष्पा. हे आंघोळीला गेलेत. वर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, कळलं. लग्न तर आम्ही सुरतेला पोचलो त्या संध्याकाळीच ठरलं. भिकुबाईंनी, म्हणजे छगनच्या आईने, भाजी निवडताना विचारलं, खरं कशाला आलात? मी खरं सांगितलं, कुंदाचा फोटो दाखवला. हे घरात बसले असते तर दीड खोलीची फुटाफुटाने मोजणी केली असती आणि मोडता घातला असता, म्हणून मीच लीलाधरभाऊंना म्हटलं, उद्या यांना दिवसभर फिरवा. चिखलात मात्र ते आपणहून गेले, ते ठरलेलं नव्हतं. आता तुम्ही एवढंच लिहा, की छगनला पाचोऱ्याहून दुसरं स्थळ आलंय. मग हे पहिल्या गाडीने तुमच्याकडे धुळ्याला येतील. आले की नवल वाटल्यासारखं तोंड करा. तुम्हाला ते लहानपणापासून जमत नाही, तेव्हा आजपासूनच आरशासमोर उभे राहा.