निशाणाचं दुसरं टोक

आई, तुझं निशाण आज तुमच्या पलंगावर उलगडून पडलं आहे आणि त्याची घडी घालायची नाही, असं मला बजावलेलं आहे. तुझं म्हटलं खरं, पण ते तुझं नव्हतंच. बाबांचे आजोबा संस्थानच्या फौजेत निशाण धरून पुढे चालायचे. पलटण मोडली तेव्हा ते रेशमी कापड त्यांच्याकडे आलं आणि पुढे सासरचं म्हणून तुझ्या ट्रंकेत. अभिमान बाबांनी बाळगायचा आणि कापड तू सांभाळायचं, ही वाटणी तुमच्यात कधी झाली कोण जाणे.

दसऱ्याला सकाळी बाबा फाफडा-जलेबीच्या रांगेत उभे राहायला जायचे, तेवढ्यात आपण दोघी निशाण काढायचो. अजून दिसतं. तू जुन्या धोतराचं वेष्टण सोडते आहेस आणि माझ्याकडे न बघता विचारते आहेस, "हात धुतलेस? मग पूस आधी कोरडे." एक बाजू तुझ्या हातात, एक माझ्या. उन्हापासून लांब, मधल्या खोलीत, थोडा वेळ हवा दाखवायची आणि पुन्हा घडी, पण गेल्या वर्षीच्या रेघेवर नाही. लग्नातला शालू तू दर वर्षी वेगळीकडे मुडपायचीस, तोच नियम लढाईच्या निशाणाला. "रेघेवर रेघ आली की रेशीम तिथेच तुटतं," म्हणायचीस. बाबा कुंकवाची कोयरी घेऊन आले की वाट अडवायचीस. "कापडाला नको हं. काठीला लावा काय लावायचं ते."

मग आपण एकमेकींकडे चालत यायचो आणि माझ्या हातातली टोकं तू घ्यायचीस. मी कॉलेजात गेल्यानंतर आपले हात एकमेकींना लागल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. तू जवळ घेणारी बाई नव्हतीस, आणि मीही मागणारी नव्हते.

त्याच वर्षांत कधीतरी, टोक हातात असतानाच, मी म्हणाले होते, "लढले कोणासाठी गं हे? इंग्रजांच्याच बाजूने ना? मग एवढं काय जपायचं?" तू हातातलं सोडलं नाहीस. "कोणासाठी ते तू शीक, त्यासाठीच कॉलेजात घातलंय. पुढच्यांना तरी भांडायला कापड नको का शिल्लक? आणि नीट धर, लोंबतंय तुझ्याकडचं." त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जोरात होतं. मी पुढे बरंच वाचलं, आई. अभिमान काही वाटला नाही. लाज वाटली, तीही पुरती नाही. ज्यांच्यावर ही पलटण चालून गेली त्यांचीही कुणी नातवंडं असतील, हा विचार दर दसऱ्याला येतो. तरीही मी हात धुऊन, कोरडे करून निशाण काढतेच.

तू गेल्यावर समोरची बाजू बाबांनी धरली. जलेबी खाल्लेल्या हातांनीच पुढे यायचे, मग तुझ्या आवाजात मला ओरडावं लागायचं. बाबा गेल्यापासून मी दोन टोकांवर मऊ फडकं ठेवून ती चिमट्यांनी खिडकीच्या गजांना अडकवते आणि गजांकडे चालत जाते.

या वर्षी हाताला रेशीम वेगळं लागलं. बोटाखाली बारीक चुरा आला. म्हणून मी संग्रहालयात जुनी वस्त्रं टिकवण्याचं काम करणाऱ्या एका गुजराती बेनना बोलावलं. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. आल्या आल्या त्यांनी न सांगता हात धुतले. तू असतीस तर तिथेच पसंत केलं असतंस. आम्ही दोघींनी निशाण उलगडलं, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बेन, आ तो पापड जेवुं थई गयुं छे." पापडासारखं झालंय. मी सवयीने टोकं उचलून त्यांच्याकडे चालायला लागले, तर त्यांनी मला थांबवायला हात पुढे केला. "ना, ना! घडी नको आता. एक घडी आणि तुकडा."

मधल्या भोकावर त्यांनी भिंग धरलं. तेच भोक, जे बाबा पाहुण्यांना गोळीचं म्हणून दाखवायचे आणि जे वाडीतल्या रफूवाल्याला तू शिवू दिलं नाहीस. "गोळी नथी, बेन. किडो." मला एकदम हसू आलं. पाहुण्यांसमोर ती गोष्ट सुरू झाली की तू चहा टाकायला उठायचीस, ते आठवलं. तुला ठाऊक होतं, हो ना? त्या बेन माझ्याकडे बघत राहिल्या. का हसतेय हे सांगायला घ्यायचं तर बाबा सांगावे लागले असते, पाहुणे, तू, सगळंच. मी नुसतं म्हणाले, "कंई नहीं."

निशाण वाचवायचं तर ते संग्रहालयाला द्यायला हवं, असं त्या म्हणतात. रुंद नळीवर गुंडाळून, थंड, अंधाऱ्या खोलीत. मांडणार का, विचारलं तर म्हणाल्या, उजेडाने मरेल. पण असं ठेवलं तर पुढच्या कितीतरी पिढ्या राहील. त्या पिढ्या माझ्या नसतील, आणि तसा हट्टही नाही. निशाण कुणाचं का असेना, ते राहावं, हे मला पटतं. पण ते गेलं की दसऱ्याच्या सकाळी मला कुणाकडेच चालत जायचं नसेल. आणि नाही दिलं तर त्या सकाळसाठी मी ते हळूहळू मारणार. तू काय म्हणाली असतीस, हे मला माहीत आहे असं मी लिहिणार नाही. माहीत नाही.

"तो लई जइए?" मग घेऊन जाऊ या का, त्यांनी दारात विचारलं. मी म्हणाले, "घरमां पूछीने कहुं." त्या मनापासून, काही घाई नाही अशा सुरात म्हणाल्या, "हा, हा, निरांते पूछी लो," आणि जिना उतरल्या.

घरात विचारायला कुणी नाही, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. आत आले, दार लावलं आणि हे लिहायला बसले. उद्या ऑफिसातून त्यांना फोन करीन आणि सांगीन, घरचे हो म्हणाले.